लाल डोळा आणि आखडलेली कंबर

डोळा लाल झाला की 'डोळे आले' असं घरातच ठरून जातं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी परिसरात आणि मग राज्यभर साथ पसरली होती, तेव्हा ते बरोबरही होतं. पण एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सोसवत नाही, नजर धूसर आणि चिपडं मात्र नाहीत, हे दुखणं वेगळं. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला आतून सूज आलेली असते. याला युव्हिआयटिस म्हणतात.

अशा रुग्णाला खरं तर कंबरेबद्दल विचारायला हवं. पहाटे आखडते का? पडून राहिल्यावर वाढते आणि हिंडल्याफिरल्यावर सैल होते का? डब्लिनमधल्या २०१५ च्या अभ्यासात डोळ्याच्या पुढच्या भागात असा दाह झालेल्या सुमारे ४० टक्के रुग्णांना मणक्या-सांध्यांचा संधिवात निघाला, आणि तोवर त्याचं निदानच झालं नव्हतं.

डोळ्याचा आणि मणक्याचा संबंध काय? पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे ती तबकात मांडल्यासारखे बाहेर धरतात, टी-पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की हल्ला चढवतात. यातल्या एचएलए-बी२७ या प्रकाराचं या दोन्ही आजारांशी नातं १९७३ मध्येच कळलं होतं. कारण कळत नव्हतं. २०२२ मध्ये संशोधकांनी रुग्णांच्या डोळ्यांतल्या आणि सांध्यांतल्या टी-पेशी तपासल्या. हे तुकडे ओळखणारे त्यांचे ग्राही दोन्हीकडे जवळपास सारखेच सापडले! बी२७ ने धरलेले जिवाणूंचे तुकडे आणि आपल्याच प्रथिनांचे तुकडे, दोन्ही त्या ग्राहींना ओळखीचे वाटत होते. जंतूंसाठी घडलेली पेशी स्वतःच्याच ऊतींवर का उलटते, याचा इतका थेट धागा आधी हाती नव्हता. अर्थात बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, म्हणून नुसत्या रक्ततपासणीने घाबरू नये.

अशा डोळ्यात मध, गुलाबपाणी घालणं किंवा दृष्ट काढत बसणं यात मोलाचे दिवस जातात. तेवढ्यात बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू शकते. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंबही घातक, कारण मूळ दुखणं नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असेल तर ते बळावतं. आपल्याकडे क्षयामुळेही असाच दाह होतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅडॅलिम्युमॅबसारखं औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतातच.

लहान मुलांच्या संधिवातात तर अनेकदा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, आणि तरी आत दाह चालू असू शकतो. म्हणून त्या मुलांचे डोळे तक्रार नसतानाही दर काही महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, तपासावे लागतात.