खासदारांनी मत दिलं की पेन्शन वाढते?

दर बजेटला एक मेसेज फिरतो: ‘खासदारांनी मतदानात बाजू घेतली असती तर म्हातारपणाची पेन्शन वाढली असती.’ ऐकायला बरं वाटतं, पण तसं होत नाही.

राज्यघटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभा सरकारची अनुदानाची मागणी (म्हणजे मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेली रक्कम) मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यसभेला तर या मागण्यांवर मतच नाही, नुसती चर्चा. त्यात बऱ्याच मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच एका झटक्यात मंजूर होतात; त्याला ‘गिलोटिन’, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, म्हणतात, आणि नाव शोभतंही. फार तर खासदार १०० रुपयांची कपात सूचना (मागणीतून १०० रुपये कमी करा, असा प्रस्ताव) मांडून गाऱ्हाणं नोंदवतो.

म्हणूनच इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपयांवरच अडकलाय, ऐंशीपुढे ५००. महाराष्ट्रात पासबुकात १,५०० दिसतात, कारण वरची भर राज्याची; २०२३ मध्ये १,००० चे १,५०० झाले तेही राज्य सरकारच्या निर्णयाने. वाढीचा प्रस्ताव सरकारकडूनच यावा लागतो. तेव्हा खासदाराला गाठलंत तर विचारा, ‘मंत्र्यांकडे कितीदा मागणी केलीत?’