संत्र्याचा रस चमकला, पण डॉट झाले का?

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात आंबिया बहाराची गळ सुरू झाली की बागेत फळांचा सडा पडतो. संत्र्याच्या रसापासून कार्बन डॉट, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, करता येतात, हे भारतीय संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. कणांचा आकार दीड ते साडेचार नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि क्वांटम यील्ड 26 टक्के, म्हणजे शोषलेल्या दर 100 फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) साधारण 26 प्रकाश होऊन परत आले. तेव्हापासून लिंबू, हळद, कढीपत्ता असे हाताला लागेल ते उकळून शोधनिबंध निघत आहेत. त्यातले किती टिकाऊ, हे पाहायला यूव्ही टॉर्च पुरत नाही.

आकारानुसार रंग बदलणाऱ्या अशा कणांना क्वांटम डॉट म्हणतात; त्यांची मूळ कल्पना सोपी आहे. झोक्याची दोरी आखूड केली की झोका भराभर जातो. तसे कण लहान केला की त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधले अंतर वाढते. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा 2 नॅनोमीटरचा कण निळा दिसतो, 6 नॅनोमीटरचा लाल. एकिमोव्ह, ब्रस आणि बावेंडी यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. कार्बन डॉट मात्र इतके सरळ नाहीत. त्यांचा रंग आकारापेक्षा पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन-नायट्रोजनच्या गटांवर जास्त ठरतो. घोळ इथूनच सुरू होतो.

कृती अशी. रस मलमलीतून दोनदा गाळायचा. 20 मिली रस आणि 15 मिली इथेनॉल टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या 100 मिलीच्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद होणाऱ्या दाबपात्रात) घालून ओव्हनमध्ये 120 अंशांवर अडीच तास ठेवायचे. आतला दाब मोठा असतो, म्हणून पात्र पूर्ण गार होईपर्यंत उघडायचे नाही, आणि घरच्या कुकरवर हा प्रयोग कदापि नको. तपकिरी द्रव डायक्लोरोमिथेन या द्रावकाने फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) धुवायचा. खाली बसणारा थर सोडून वरचा पाण्याचा थर घ्यायचा, सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला 3000 फेऱ्यांवर 15 मिनिटे फिरवून जाड कण काढायचे. मग भरपूर ॲसिटोन घालून 10,000 फेऱ्यांवर फिरवले की डॉट तळाशी बसतात.

खेड्यातल्या कॉलेजात दोन गोष्टी नडतात. भारनियमनात ओव्हन मध्येच थंड झाला तर तो घाणा मोजणीतून बाद करावा, पुढे रेटू नये. दुसरे, बोअरचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार सुकून सूक्ष्मदर्शकात सुबक स्फटिकांसारखे दिसतात आणि भोळा वाचक त्यांनाच डॉट समजतो.

आता खरी परीक्षा. 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्ही टॉर्चखाली निळा उजेड दिसला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेले रंजकही तसाच निळा उजेड देते; परीक्षानळी त्या पावडरीने धुतली असेल तर चमक तिचीच असू शकते. म्हणून कच्चा रस, नुसते पाणी आणि रिकामी नळी या तिन्ही सोबत तपासायच्या. त्यानंतर 1000 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) डायलिसिस पिशवीत, म्हणजे लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या आणि मोठे कण अडवणाऱ्या पिशवीत, द्रव भरून, पाणी बदलत, 48 तास ठेवायचा. बाहेरचे पाणी पिशवीतल्या द्रवापेक्षा जास्त चमकले तर उजेड कणांचा नाही, रस तापताना तयार झालेल्या लहान रेणूंचा आहे. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन यांच्या जोडीत असे रेणू सापडलेही आहेत. ज्या निबंधात डायलिसिसचा उल्लेखच नाही, तिथला क्वांटम यील्डचा आकडा आम्ही धरत नाही.

क्वांटम यील्ड मोजताना द्रावण इतके पातळ हवे की यंत्रावर प्रकाशाचे शोषण 0.1 च्या खाली राहील. दाट द्रावण स्वतःचाच उजेड गिळते. तुलनेला सौम्य सल्फ्यूरिक आम्लातले क्विनाइन सल्फेट वापरतात, त्याचा यील्ड 54 टक्के धरतात. 350 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळल्यावर आलेखात 397 च्या आसपास टोक आले तर आधी नुसते पाणी तपासावे, कारण तिथे पाण्याचे रामन विकिरण (पाण्याच्या रेणूंनी रंग बदलून विखुरलेला प्रकाश) दिसते.

बोअरच्या पाण्यातले लोह ओळखण्याचे दावे तर ढिगाने आहेत: थेंब टाकला, चमक विझली. पण तीन-धन लोह (Fe³⁺) स्वतःच अतिनील प्रकाश शोषते, त्यामुळे डॉटला काही न होताही उजेड मंदावतो. त्या दाव्यात लोहाने शोषलेल्या प्रकाशाची दुरुस्ती केलेला आलेख आहे का, तेवढे शोधावे.