फुंकर मारली तरी भुकटी का उरते?

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे. मागच्या दिवाळीआधी तो पितळी कड्यांवरून उतरवला, जुनं पॉलिश खरवडलं, 80 नंबरपासून 220 पर्यंत पॉलिशपेपर (नंबर जितका मोठा तितका कागदावरचा दाणा बारीक) फिरवला, कोरड्या फडक्याने पाट पुसला, दोन-चार फुंकरी मारल्या आणि पॉलिशचा पहिला हात दिला. सकाळी पाट तळव्याला रवाळ लागत होता आणि सागाच्या रेघांत फिकट ठिपके उमटले होते. पॉलिश चांगलंच होतं. चूक फुंकरीत होती.

छताच्या पंख्याची पाती आठवून पाहा. दिवसभर गरगर फिरतात, तरी त्यांच्यावर धुळीचा थर चढतोच. याचं कारण असं की वाहती हवा पृष्ठभागाला जिथे टेकते, तिथे पृष्ठभागाच्या तुलनेत तिचा वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावं तसा तो वाढत जातो. या मंद हवेच्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. बारीक कण त्याच्या तळाशी बसलेले असतात, त्यामुळे वरून झोत गेला तरी तो त्यांना नीट लागतच नाही. त्यात कण जितका लहान तितका तो अधिक चिवट. व्यास दहापट कमी झाला की वजन हजारपट घटतं, पण लाकडाशी त्याला धरून ठेवणारं रेणूंचं आकर्षण साधारण दहापटच घटतं. पाट तिरका केला की मोठा भुसा घरंगळतो, पीठ मात्र जागचं हलत नाही. हवा कोरडी असेल तर घासण्यातून आलेला विद्युतभारही त्याला लाकडाशी धरून ठेवतो.

सागाची आणखी एक अडचण आहे. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेतं, त्या नळ्या फळी कापताना उभ्या चिरल्या जातात आणि पन्हळीसारख्या उघड्या पडतात. सागावर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या बारीक रेघा त्या याच. मोठ्या नळ्यांची रुंदी 0.2 मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त असते, तर 220 नंबरच्या कागदावरचा दाणा सरासरी 0.07 मिलिमीटरचा. त्याने काढलेली भुकटी या पन्हळींत आरामात मावते आणि कोरडं फडकं तिला आणखी आत दाबतं. माझे फिकट ठिपके तिथूनच आले होते. तिथे पॉलिश लाकडाला लागलंच नव्हतं, ते भुकटीच्या लगद्यावर बसलं होतं.

उडालेली भुकटीही खोलीबाहेर जात नाही. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम 3 मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दोन मीटरवरून उतरायला दहा-बारा मिनिटं. 2 मायक्रॉनचा असेल तर काही तास. आपण डबा उघडतो, ब्रश बुडवतो आणि तेवढ्यात वरून कण ओल्या पॉलिशवर उतरू लागतात. पृष्ठताणामुळे द्रव कणाभोवती वर चढतो, म्हणून वाळल्यावर खडा मूळ कणापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून भुकटी उडवायची नाही, उचलून न्यायची. मऊ केसांचा ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर रेघांच्या दिशेने फिरवावा. नुसती ओढ इथेही अपुरी पडते, कारण सीमास्तर तिच्याही आड येतो. केसांनी कण सुटा करायचा आणि हवेने तो न्यायचा. मग किंचित ओलसर, धागे न सोडणारं सुती फडकं. पाण्याने दबलेले तंतू फुगून उभे राहतात, तेव्हा लाकूड पूर्ण वाळू द्यावं, झिजलेल्या 220 ने अलगद हात फिरवावा आणि पुन्हा भुकटी ओढून घ्यावी. लाकूड कोरं असेल तर स्पिरिटचं फडकं चालतं, त्याने तंतू फारसे उठत नाहीत. पण लाखेच्या पॉलिशचा एक हात चढल्यावर दोन हातांच्या मधे स्पिरिट वापरू नये. लाख स्पिरिटमध्येच विरघळते.

नंबर बदलतानाही प्रत्येक वेळी असंच साफ करावं. 80 च्या कागदाचा निखळलेला एखादा दाणा 220 खाली सापडला, तर तो ओरखडे काढतो आणि ते पॉलिश चढल्यावरच दिसतात. शेवटी खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च पाटाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. कणांच्या लांब सावल्या पडतात आणि राहिलेली भुकटी लगेच नजरेत भरते.

घासताना चांगल्या प्रतीचा मास्क लावा, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. लाकडाची भुकटी दीर्घकाळ श्वासात गेली तर नाकाच्या पोकळीचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच तिची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. सागाच्या भुकटीने काहींच्या कातडीवर पुरळही उठतं.

झोपाळ्याचा पाट मी पुन्हा कोरा केला. या वेळी घासकाम गच्चीवर आणि पॉलिश आतल्या खोलीत, आदल्या रात्री फरशी ओल्या फडक्याने पुसून आणि पंखा बंद ठेवून. तळवा फिरवला तेव्हा कुठेही खर लागली नाही.