दगडातली भोकं कुणी पाडली?

हरिहरेश्वरहून परतणाऱ्या पुणेकर कुटुंबाच्या डिकीत चार-दोन दगड असतातच. त्यात एखादा काळा, भोकाभोकांचा दगड असतो आणि 'ही भोकं समुद्राने पाडली' असं मुलांना हमखास सांगितलं जातं. तिथल्या कातळाला मधाच्या पोळ्यासारख्या ज्या खाचा दिसतात, त्या खाऱ्या पाण्याने पाडल्या हे खरं. पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. पण लहान, गोल, आतून गुळगुळीत भोकं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहेत.

जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. रस वर येताना दाब उतरतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. ते लाव्ह्यात वर चढतात, पण वरची साय आधीच घट्ट झालेली असल्याने तिच्याखाली अडकतात. म्हणून बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडाच्या, थराचा माथा सच्छिद्र असतो आणि पोट भरीव. सिंहगड चढताना हे थर एकावर एक दिसतात.

खरी गंमत पुढे आहे. थरांत मुरलेलं गरम पाणी दगडातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडतं. बऱ्याचदा आधी भिंतीला हिरवट पापुद्रा धरतो, मग आत पांढरं भरतं: कुठे गारगोटी किंवा अकीक, कुठे कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), कुठे झिओलाइट. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की जाळीवर ऋणभार येतो आणि तो फेडायला सोडियम, कॅल्शियमचे आयन, म्हणजे धनभारित अणू, जाळीच्या पोकळ्यांत येऊन राहतात. ते तिथे सैल असतात, त्यामुळे अदलाबदल सहज होते. कपड्यांच्या पावडरीतलं कृत्रिम झिओलाइट याच गुणावर पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत झिओलाइटच्या सोबतीने सापडणारा निळाभोर कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक जपतात. असे स्फटिक 'सकारात्मक ऊर्जे'साठी उशाशी ठेवायला विकले जातात. तशी ऊर्जा कुठल्याही उपकरणावर कधी मोजली गेलेली नाही.

लाटांच्या घासणीत झिओलाइट लवकर झिजतं. मोहस मापावर ७ कठीणपणाची गारगोटी टिकते, म्हणून वाळूत पांढरे गोटे बहुधा तिचेच मिळतात. मोठ्यांनी पांढऱ्या भागावर सुरीचं टोक ओढून पाहावं. ओरखडा उठला नाही तर गारगोटी किंवा अकीक. उठला, तर त्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही तर बहुतेक झिओलाइट. घरी एक-दोनच दगड आणा आणि कुठे सापडला ते त्याच दिवशी चिकटपट्टीवर लिहा. जागा माहीत नसलेल्या दगडाचा अभ्यास पुढे सरकत नाही.