पेटची बरणी की पीपीचा डबा: गरम कशात ओतायचं?

किराणा भरायची काचेसारखी लख्ख बरणी आणि हॉटेलातून रस्सा येतो तो किंचित दुधी डबा, दोन्ही घासूनपुसून एकाच फळीवर जातात आणि मग हाताला येईल त्यात काहीही भरलं जातं. आधी तळाचा त्रिकोण बघा. दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार: आत 1 असेल तर पेट, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, 5 असेल तर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

पेट वितळतं सुमारे 250 अंश सेल्सिअसला, पीपी 160 च्या आसपास. यावरून पेट जास्त उष्णता सोसत असेल असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. पेटची बाटली ताणून, फुगवून घडवलेली असते. 70-80 अंशांना तिचं प्लॅस्टिक मऊ पडतं, कोंडलेला ताण सुटतो. उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसते, तोंड वाकडं होतं, झाकणाचे आटे बसेनासे होतात. पीपी मात्र उकळत्या पाण्यातही आकार धरून राहतं. सलाइनच्या पीपी बाटल्या तर 121 अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतात. म्हणून गरम आमटी पीपीतच ओता. मायक्रोवेव्हमध्ये मात्र तशी खूण असलेलाच डबा ठेवा. पार्सलचे पातळ डबे पुन्हा पुन्हा तापवायला नकोत.

पीपीवर हळदीचा पिवळा डाग बसतो. थोडा वेळ उन्हात ठेवला की तो फिका पडतो, पण रोजच्या उन्हाने डबाच ठिसूळ होतो. साधं पीपी फ्रीजरमध्येही कडक होतं; गोठलेला डबा पडला की कोपरा तडकतो.

पेटचं बळ वायू अडवण्यात आहे. सोड्याचा बुडबुडा टिकतो तो त्यामुळेच. पीपीतून वायू फार लवकर निसटतो. डाळी, चिवडा, गार तेल यांना पेट उत्तम.

दोन्हींवरचा आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, डबा खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलाय की नाही हे नाही. रंगाचा किंवा औषधफवारणीचा रिकामा डबा 5 आकड्याचा असला तरी स्वयंपाकघरात आणू नका.

आकडा पुसला गेला असेल तर फुटक्या डब्याचा तुकडा पाण्यात दाबून सोडा. पीपी वर येतं, पेट बुडतं. पुनर्वापराच्या कारखान्यातही बाटल्यांचा चुरा असाच वेगळा करतात: पीपीची किंवा एचडीपीई या पाण्याहून हलक्या दुसऱ्या प्लॅस्टिकची बुचं तरंगतात, आणि तळाशी बसलेल्या पेटचा पुढे पॉलिएस्टर धागा होतो.