कॉर्न स्नेकचं पिल्लू: ऊब, आडोसा आणि आठवड्याला एक घास

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि वजनाला ५ ते ८ ग्रॅम असतं. हातावर घेतलं तर पाच रुपयांच्या नाण्याइतकाच भार जाणवतो. रानात अशा पिल्लावर ससाण्यांपासून रॅकूनपर्यंत सगळ्यांचा डोळा असतो, दुसरे सापही त्याला गिळतात. म्हणून त्याचा सगळा जीव लपण्यात. हे एकदा ध्यानात आलं की त्याच्या संगोपनातल्या निम्म्या गोष्टी उलगडतात. नव्या माणसाच्या चुका होतात त्या हौसेपोटी: येईल-जाईल त्याला दाखवणं, दिवसातून चारदा हातात घेणं, खाल्लं नाही म्हणून रोज नवा उंदीर समोर धरणं. पिल्लू घाबरून खाणं सोडतं ते यानंच.

पँथेरोफिस गुटाटस हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत आढळणारा हा बिनविषारी साप. आपल्या धामणीसारखाच उंदीरखाऊ, पण धामण भक्ष्य अंगाखाली दाबून धरते, हा वेटोळ्यांत आवळून मारतो. पोटावरची काळी-पांढरी चौकट मक्याच्या रंगीत कणसासारखी दिसते, आणि मक्याच्या कोठारात उंदरांमागे तो सापडायचा. नाव या दोहोंपैकी एकावरून पडलं असं मानतात. पूर्ण वाढलेला साप ९० ते १५० सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. आज पहिलीतल्या मुलासाठी आणलेला साप ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो, याचा विचार आधी व्हावा.

कायदाही आधीच पाहावा. धामण, तस्कर असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. परदेशी जातीचा साप कागदपत्रांशिवाय घेऊ नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कॉर्न स्नेक पाळता येत नाही, हवाईत तर कुठलाच साप नाही. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, रानातला कॉर्न स्नेक धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, त्यामुळे तिथल्या वन्यजीव विभागाचे नियम वाचूनच पुढे जावं. आणि कुठेही असा, पिल्लू घ्यायचं ते पाळीव जोडीचं आणि किमान तीन-चारदा खाल्ल्याची नोंद असलेलं. रंग कोणताही निवडा, निगा तीच.

तळाला साधारण ५० बाय २५ सेंटिमीटर असलेली पेटी पहिल्या वर्षाला पुरते. काच असो की प्लास्टिक, झाकणाला खटके हवेत. ज्या फटीत पिल्लाचं डोकं जातं, त्या फटीतून ते सगळं जातं. वायरीसाठी ठेवलेली खाच हमखास विसरली जाते. आत लपायला किमान दोन जागा, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. त्या ऐसपैस नकोत. पाठीला आणि बाजूंना भिंत टेकली तरच सापाला सुरक्षित वाटतं. एकच आडोसा ठेवला तर पिल्लू ऊब सोडेल पण आडोसा सोडणार नाही, आणि मग त्याचं पचन बिघडेल.

उबेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण गाडी अडते ती इथेच. सापाचं शरीर स्वतः पुरेशी उष्णता तयार करत नाही. जठरातला उंदीर पचवायलाही बाहेरची ऊब लागते. पेटीचं एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरं २२ ते २४ अंश ठेवलं की तो स्वतःच ये-जा करून हवं ते तापमान गाठतो. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, पेटीच्या तळाच्या फक्त एक तृतीयांश भागाखाली असावी, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्यावर अडवणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नये. नुसती मॅट ४० अंशांच्या वर सहज जाते आणि साप तापलेल्या जागेवरून वेळेत उठेलच असं नाही. पोटाच्या खवल्यांवर भाजल्याचे डाग दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये चिकटवून टाकावा. तो आत मोकळा ठेवला तर पिल्लू त्याला ढकलून थंड बाजूला नेतं किंवा त्यावर पाणी सांडतं. मग थर्मोस्टॅटला वाटतं गारठा आहे, आणि तो मॅट तापवतच राहतो. भुसा बाजूला करून आतल्या तळाचं तापमान अधूनमधून थर्मामीटरनं मोजावं, कारण साप भुशाखाली शिरून तिथेच टेकतो.

पहिला महिनाभर तळाला साधा टिश्यू पेपर अंथरला तर विष्ठा, उलटी, रक्तपिसवा (सापाचं रक्त शोषणारे बारीक माइट किडे) लगेच दिसतात. नंतर अ‍ॅस्पनच्या लाकडाचा भुसा दोन-तीन इंच, म्हणजे त्यात बोगदे करता येतात. देवदार आणि पाइनचा वास येणारा भुसा नको, त्यातली तेलं सापाच्या श्वसनाला बाधतात. पाण्याचं भांडं उथळ आणि जड, पाणी रोज बदललेलं. नागपंचमीच्या दुधाची वाटी इथे ठेवायची नाही. दूध हा सापाचा आहारच नव्हे.

आता खाणं. घरी आणल्यावर पाच ते सात दिवस पिल्लाला हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. मग पहिला घास: पिंकी, म्हणजे केस न उगवलेलं, दोन-तीन ग्रॅमचं गोठवलेलं उंदराचं पिल्लू. नियम सोपा आहे, भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाच्या फार तर दीडपट. पाच ते सात दिवसांनी एक पिंकी. जिवंत उंदीर नको. मोठा उंदीर सापाला चावून गंभीर जखमी करतो, आणि गोठवलेलं खाण्याची सवय लहानपणीच लावलेली बरी.

पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळू द्यावी. सकाळी बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावी, हाताला उबदार लागेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये ती बाहेरून शिजते, आत गार राहते, कधी फुटतेही. दाबून पाहावी, मध्ये कडक गोळा लागला तर अजून गोठलेलीच आहे. मग कागदानं पुसून लांब चिमट्यानं पिल्लापुढे धरावी, संध्याकाळी, उजेड कमी करून. आधी जीभ लपलपते, मग मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडते, आणि झडप. ती बसली की चिमटा सोडून निमूट मागे सरकावं.

नाहीच खाल्लं तर? कपात टिश्यूचा तुकडा आणि पिंकी घालून, त्यात पिल्लू ठेवून, वर भोकं पाडलेलं झाकण लावून रात्रभर अंधारात ठेवावं. रानातली पिल्लं आधी सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात, त्यामुळे काहींना उंदराचा वासच ओळखीचा नसतो. पिंकी साध्या पाण्यानं धुऊन वास कमी केला, किंवा तिच्या डोक्याला छोटा छेद दिला, तर अशी पिल्लं तोंड लावतात. प्रत्येक प्रयत्नानंतर मात्र चार-पाच दिवस पूर्ण शांतता.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नये. लवकर उचललं, ऊब कमी पडली किंवा घास मोठा झाला तर साप ओकतो, आणि पिल्लाला ते महागात पडतं: अन्ननलिका आम्लानं पोळते, शरीरातलं पाणी जातं. लगेच दुसरं खाऊ घालणं ही सर्वांत घातक चूक. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, तापमानाची तपासणी, मग नेहमीपेक्षा लहान घास. पुन्हा ओकलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावं. दर आठवड्याला ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घेऊन तारखेसह लिहून ठेवलं, तर त्यांनाही निदान सोपं जातं.

कात टाकण्याआधी रंग फिका पडतो, डोळे निळसर दुधाळ होतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, तेव्हा हाताळू नये, खायला दिलं नाही तरी चालतं. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांत कात उतरते. आर्द्रता ४० ते ६० टक्के हवी. अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी पडते, तेव्हा ओलसर मॉस भरलेला, भोक पाडलेला छोटा डबा आत ठेवावा. उतरलेली कात हातावर पसरून पाहावी: डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्या आणि शेपटीचं टोक तिच्यात असलंच पाहिजे. टोकाला कातीची अंगठी राहिली तर ती आवळून रक्तपुरवठा तोडते आणि शेपटीचा तुकडा झडतो. ओल्या कापडातून पिल्लाला हळूच सरकू द्यावं. डोळ्यावरची चकती मात्र नखानं कधीही काढू नये.

हाताळणी नियमित खाऊ लागल्यावरच, पाच-दहा मिनिटं. वरून झेपावणारा हात त्याला ससाणा वाटतो. बाजूनं, पोटाखालून उचलावं. शेपटी थरथरवणं, उग्र वासाचा स्राव सोडणं, टाचणीसारखा चावा, हे सगळं भीतीचं बोलणं आहे. नंतर साबणानं हात धुवायचेच, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये. दोन पिल्लं एका पेटीत ठेवू नयेत, एकानं दुसऱ्याला गिळल्याचे प्रकार घडलेले आहेत.

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, पाण्याच्या भांड्यात मिरीच्या कणासारखे काळे ठिपके: यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. काळे ठिपके म्हणजे रक्तपिसवा.

आणि पेटी रिकामी दिसली तर आधी दार बंद करून उंबऱ्याच्या फटीत टॉवेल कोंबावा. पिल्लू बहुधा दूर गेलेलं नसतं. फ्रिजमागे, राउटरखाली, पुस्तकांच्या रांगेमागे, जिथे ऊब आणि चेंगरलेली जागा आहे तिथे पाहावं. रात्री भिंतींच्या कडेनं पिठाचा पातळ पट्टा टाकून दिवे मालवावेत. सकाळी त्यात उमटलेली बारीक नागमोडी रेघ कुठल्या कपाटाखाली जाते, शोध तिथून सुरू करायचा.