अंगणाचा वाफसा

मे महिन्याच्या अखेरीस अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम काढावे आणि वळवाची एक जोरदार सर येऊन खणलेल्या जागेचे डबके व्हावे, हा अनुभव महाराष्ट्रात अनेकांनी घेतला असेल. पाऊस थांबला की चिखलावर कोरडी वाळू पसरली जाते, तिच्यावर ब्लॉक लागतात आणि संध्याकाळपर्यंत अंगण दोरीत दिसू लागते. गणपती येईपर्यंत त्याच अंगणात चार ठिकाणी पाणी साचलेले असते. दोष पावसाच्या माथी मारला जातो. वास्तविक काम केले त्या दिवशी ब्लॉकखालच्या मुरूम, खडी आणि वाळूच्या थरांत किती पाणी होते, यावर सगळे अवलंबून असते.

पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच औत घालत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. जमीन ओली आहे, पण चिखल नाही, मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था असते. शेतकऱ्याला माती भुसभुशीत हवी असते आणि आपल्याला ती घट्ट करायची असते, एवढा फरक सोडला तर थांबण्याचे कारण एकच आहे. कॅलिफोर्नियात मातीची धरणे बांधली जात असताना राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये ही गोष्ट आकड्यांत मांडली. ठरावीक जोराने चोपलेली माती कोरडी असेल तर कणांमधल्या घर्षणामुळे ती पुरेशी दबत नाही. थोडे पाणी मिसळले की कण एकमेकांवरून सरकून जवळ येतात आणि एका विशिष्ट ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसते. त्यापुढचे पाणी मात्र पोकळ्या अडवून बसते, आणि पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे कॉम्पॅक्टरचा, म्हणजे जमीन चोपणाऱ्या यंत्राचा, ठोका कणांपर्यंत पोहोचण्याऐवजी पाण्यावरच खर्च होतो. अशी जमीन यंत्राखाली खरवसासारखी थलथलते. हे दिसले की यंत्र बंद करावे, कारण पुढचा प्रत्येक ठोका चिखलाला खडीच्या फटींतून वर ढकलत असतो.

घरी तपासण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर मुरूम घट्ट दाबून त्याचा गोळा करावा. गोळा झालाच नाही तर मुरूम कोरडा आहे. तळहात ओला झाला आणि खाली टाकल्यावर गोळा नुसता चपटा झाला तर पाणी जास्त आहे. गोळा नीट वळला आणि पडल्यावर त्याचे मोजके तुकडे झाले तर चोपणीला हरकत नाही. काळ्या जमिनीत एवढ्याने भागत नाही. तिच्यातील चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते तेव्हा ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची काळी माती काढून तिथे मुरूम भरणेच शहाणपणाचे ठरते.

वाळूची गंमत वेगळी आहे. एक काचेचा पेला कोरड्या बारीक वाळूने सैलसर भरावा, ती ताटात ओतून तीन-चार चमचे पाणी नीट मिसळावे आणि पुन्हा पेल्यात भरावी. तीच वाळू आता पेल्यात मावत नाही. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात, घसरून पोकळ्यांत बसत नाहीत. वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पाण्याने बारीक वाळू २० ते ३० टक्के फुगू शकते. त्याच पेल्यात भरपूर पाणी ओतले की पापुद्रे नाहीसे होतात आणि वाळू पुन्हा खाली बसते. आता अंगणाचा विचार करावा. ढिगाचा एक भाग ताडपत्रीखाली आणि दुसरा उघड्यावर असेल, तर ४० मिलिमीटरच्या एकाच थरात दोन ठिकाणी वाळूचे प्रमाण वेगवेगळे भरते, आणि पहिल्या मुसळधार पावसात ते खळग्यांच्या रूपाने उघडे पडते. म्हणून सगळी वाळू सारख्याच ओलाव्याची असणे ती कोरडी असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि दिवसभरात ब्लॉक लावून होतील तेवढीच वाळू पसरावी.

पाण्याचा हिशेब तर अगदी सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ४० चौरस मीटरच्या अंगणात ५० मिलिमीटर पाऊस झाला की २,००० लिटर पाणी खड्ड्यात उतरते. छपराची पन्हळ तिथेच सुटत असेल तर त्यात आणखी भर पडते. म्हणून खणण्याआधी पन्हळीचे पाणी दुसरीकडे वळवावे, सर्वांत खालच्या कोपऱ्यात चर काढून ठेवावा आणि मीटरमागे साधारण २ सेंटीमीटरचा उतार तळापासूनच धरावा. ताडपत्री मधोमध उंच हवी, नाहीतर तिच्यावरच तळे होते आणि ती उचलताना सगळे पाणी आत सांडते.

सांध्यांत भरायची बारीक वाळू मात्र खरोखर कोरडी लागते, कारण ओलसर वाळू फटीच्या तोंडाशीच कमान धरून बसते. वरून सांधा भरलेला दिसतो, खाली तो पोकळ असतो. पावसाळ्यात हे काम अडले तर ब्लॉक लावून ठेवावेत, काठ पक्के करावेत आणि चार दिवसांच्या उघडिपीची वाट पाहावी. त्या काळात ब्लॉकवर पांढरी बुरशीसारखी साय आली तर घाबरून आम्ल ओतू नये. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो, त्याची ती कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते, आणि बहुधा एक-दोन पावसाळ्यांत ती आपोआप झिजून जाते.